सोलापूर–पुणे, व्हाया लहान आतडं

शुक्रवार

हुतात्मा एक्सप्रेस सोलापूरहून सकाळी साडेसहाच्या सुमाराला सुटते, म्हणजे घरात गडबड साडेचारपासून. इतक्या पहाटे पोटात काही ढकलवत नाही, त्यामुळे कुर्डुवाडी यायच्या आत बोगीभर डबे उघडतात आणि शेंगाचटणीचा वास सुटतो. आमचेही धपाटे निघाले. बरोबर माझी भाची, सई. तिला फिजिओथेरपीला जायचंय, त्यासाठी पुण्यातली कॉलेजं बघायची होती. मी नर्सिंगच्या मुलींना शरीरशास्त्र शिकवते, त्यामुळे ‘मावशी बरोबर असली म्हणजे बरं’ असं घरात ठरलं. मला मामांकडे जायला एवढं निमित्त पुरे होतं.

सई मोबाईलवर डोळे लावून घास दोन-तीनदा चावून गिळत होती. मध्येच तिनं विचारलं, “हे पचायला किती वेळ लागतो गं?” मी म्हटलं, “तूच सांग.” “दोनेक तास. पोटात पचतं आणि सकाळी बाहेर.” बारावीला जीवशास्त्रात चांगले मार्क मिळवलेल्या मुलीचं हे उत्तर, आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलीही हेच सांगतात. आपल्या मनात पचन म्हणजे जठर. बाकीची वाट नुसती रांगेत उभी असावी, तशी. म्हणूनच कोणाचं पोट बिघडलं की घरात शेवटचा घास धरून आणतात आणि त्याच्यावर खटला चालवतात. सुरुवात कधी झाली हे कोणी विचारत नाही.

सुरुवात तोंडात होते. दिवसाला एक ते दीड लिटर लाळ सुटते, आणि तिच्यातला अमायलेज नावाचा विकर, म्हणजे एन्झाइम, पिठूळ पदार्थांचे तुकडे करायला लगेच लागतो. धपाट्याचा घास नीट चावत राहिलं तर जरा वेळानं गोडसर लागतो, तो यामुळेच. गिळल्यावर मात्र आपल्या हातात काही उरत नाही. अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटरची. तिचे स्नायू घासाच्या मागे आवळत आणि पुढे सैल होत त्याला आठ-दहा सेकंदांत जठराच्या तोंडाशी पोचवतात. हे नुसतं वरून खाली पडणं नव्हे. शीर्षासनात गिळलं तरी घास जठराकडेच जाईल. सईनं हे करून बघायची तयारी दाखवली, पण दौंड आलं होतं.

पुणे स्टेशनवरून मेट्रोनं आनंदनगर. कोथरूडला मेट्रोनं जाता येतं याचं मला अजून अप्रूप आहे. मामींनी वरण-भात, भेंडीची भाजी आणि बीटची कोशिंबीर केली होती. बीट बघून मला राहवलं नाही. पोटातून अन्न जायला किती वेळ लागतो हे घरी बघायचं असेल तर बीटसारखी सोपी खूण नाही. त्याचा लाल रंग पचनात पूर्ण नाहीसा होत नाही, आणि पलीकडच्या टोकाला दिसतो. सगळ्यांनी भरपूर कोशिंबीर खायची आणि रंग केव्हा दिसला ते सांगायचं, असा मी ठराव मांडला. मामी म्हणाल्या, “जेवताना हा विषय नको.” मामांनी मात्र दुसऱ्यांदा कोशिंबीर वाढून घेतली.

जेवण झाल्यावर मामा नेमानं डाव्या कुशीवर आडवे झाले. दुपारी एक ते चार या विषयावर विनोद करायचा नाही, असं मी गाडीतच ठरवलं होतं. पण मामांच्या कुशीत तथ्य आहे. जठराचा मोठा फुगवटा डाव्या अंगाला असतो आणि अन्ननलिका त्याला वरून, उजव्या बाजूनं जोडलेली असते. डाव्या कुशीवर झोपलं की आम्ल त्या फुगवट्यात, अन्ननलिकेच्या तोंडाच्या खाली राहतं. उजव्या कुशीवर उलटं होतं, आम्ल अन्ननलिकेच्या दारात येतं. ज्यांना जेवणानंतर जळजळ होते त्यांना कुस बदलण्याचा सल्ला डॉक्टरही देतात, पण भरल्या पोटी लगेच आडवं होऊच नये हेही सांगतात. हे दुसरं मी मामांना सांगितलं नाही.

संध्याकाळी मामी घाबऱ्या होऊन स्वयंपाकघरात आल्या आणि माझ्या कानात म्हणाल्या, “अगं, लघवी लाल होतेय.” बीट! दहा माणसांत एखाद्याला हे होतं. रंग आतड्यातून रक्तात शिरतो आणि मूत्रपिंडातून बाहेर पडतो. म्हणजे दुपारची कोशिंबीर एव्हाना लहान आतड्यात पोचली होती आणि तिचा काही भाग अंगात भिनलाही होता. अंगात लोह कमी असेल तर असं जास्त दिसतं, म्हणून हिमोग्लोबिन तपासून घ्या, असं मी त्यांना सांगितलं. बीट खाल्लेलं नसताना लघवी किंवा शौच लाल दिसली तर ती कौतुकाची गोष्ट नाही, डॉक्टरकडे जायची आहे, हेही जाता जाता सांगितलं.

शनिवार

सकाळी सिव्हिल कोर्टला मेट्रो बदलून मंडईला उतरलो. जमिनीखालच्या स्टेशनातून वर आलं की समोर महात्मा फुले मंडईचा तो जुना मनोरा. सई फोटो काढत बसली, आणि मला मिसळ खायची होती. पेठेतल्या एका जुन्या ठिकाणी रांग लागलेली. नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा दोष नाही आणि उगाच त्यांच्यावर बालंट नको.

रांगेत सईचं पोट गुरगुरायला लागलं. सगळ्यांना वाटतं हे भुकेचं रडगाणं आहे. खरं तर ती झाडलोट असते. रिकाम्या पोटी साधारण दर दीड तासानं जठरापासून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत आकुंचनाची एक जोरदार लाट जाते, आणि उरलंसुरलं, मेलेल्या पेशी, चिकट द्रव असं सगळं पुढे लोटते. आत हवा आणि पाणी असतं, म्हणून आवाज येतो. अधूनमधून सारखं काहीतरी तोंडात टाकत राहिलं की ही लाट थांबते आणि झाडलोट राहून जाते.

मिसळ आली. लालभडक तर्री, मटकी, वर फरसाण. दोन घासांत सईच्या डोळ्यांतून पाणी. मिरचीतलं कॅपसायसिन काही भाजत नाही. ते जिभेवरच्या त्याच ग्राहींना, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनांना, चिकटतं, जे ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेला जागे होतात, आणि मेंदूला वाटतं भाजलं. पाणी पिऊन उपयोग होत नाही, कारण कॅपसायसिन पाण्यात विरघळत नाही. दह्या-ताकातलं प्रथिन आणि स्निग्धांश त्याला जिभेवरून उचलून नेतात. तर तिला ताक मागवून दिलं. शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले, “रोज खाऊ नका, अल्सर होईल.” अल्सर तिखटानं होतो ही समजूत पुण्याइतकीच जुनी असावी. बहुतेक अल्सरच्या मागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू असतो, नाहीतर वेदनाशामक गोळ्या. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल यांनी १९८४ साली त्या जिवाणूचं द्रावण स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली, आणि २००५ साली रॉबिन वॉरन यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. असलेला अल्सर तिखटानं झोंबतो, हा मुद्दा वेगळा. काकांना मी एवढं सगळं सांगितलं, त्यांनी पाव मागवला.

जठराला आपण उगाच मोठेपण देतो, पण गोष्टी त्याच्याच रंगतात, हेही खरं. त्यातली एक मी सईला सांगितली. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अॅलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या फरच्या व्यापारातल्या नोकराला जवळून गोळी लागली. तो वाचला, पण जखम भरताना जठराला बाहेरून भोक राहिलं. त्याच्यावर उपचार करणारे लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी संधी साधली. रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे बांधून ते त्या भोकातून आत सोडायचे आणि तासातासानं ओढून बघायचे. जठरात अन्न नुसतं दळलं जात नाही, तिथला रस रासायनिक काम करतो, हे त्यामुळे पक्कं झालं. १८३३ साली त्यांनी सगळे प्रयोग छापले. सेंट मार्टिन बिचारा चिडचिडा होत गेला आणि सारखा पळून जायचा. कोणी आपल्या पोटात दोऱ्यानं कोबी सोडत बसलं तर मीही पळाले असते. गंमत म्हणजे तो डॉक्टरांच्या मागे सत्तावीस वर्षं जगला.

त्या रसात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, इतकं तीव्र की पीएच दीड-दोनपर्यंत जातो. त्यात पेप्सिन प्रथिनं तोडतं. जठर स्वतःला खात नाही, कारण आतून बुळबुळीत थर असतो आणि अस्तराच्या पेशी दर काही दिवसांनी नव्या येतात. मिनिटाला साधारण तीन लाटा अन्न घुसळतात, आणि तयार झालेली पेज खालच्या दारातून थोडी थोडी पुढे सोडली जाते. किती सोडायची ते पुढचं आतडं ठरवतं. पेजेत तेल दिसलं की आतडं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, पाठवून दार आवळतं. म्हणून तर्रीची मिसळ चार-पाच तास वर बसते आणि नुसता भात त्याच्या आधी उतरतो.

दुपारी कॉलेजं पाहिली. जिने, फी, होस्टेलची चौकशी, आणखी जिने. मग राजा दिनकर केळकर संग्रहालयात तासभर. सईला दिवे आवडले, मी अडकित्त्यांसमोर उभी राहिले. बाहेर ऊन होतं, त्यामुळे सदाशिव पेठेत मस्तानी. तिनं एक प्यायली आणि माझी अर्धी.

रात्री मामींनी तोंडलीभात केला. जेवून उठतोय न उठतोय तोच सईचं पोट फुगलं, गुडगुड सुरू झाली, आणि ती म्हणाली, “तोंडलीभात बाधला वाटतं.” मामींचा चेहरा बघण्यासारखा झाला. “माझ्या हातचं आजवर कोणाला बाधलेलं नाही!”

मामींची बाजू घेणं मला भाग होतं आणि शास्त्रही त्यांच्याच बाजूचं होतं. अर्ध्या तासापूर्वीचा भात अजून जठरात बसलेला. गॅस तयार होतो मोठ्या आतड्यात, म्हणजे तिथे आत्ता जे पोचलंय ते शोधायचं. सकाळची मटकी. कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात, त्या तोडायचा विकर माणसाकडे नाहीच. त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात. मोड आणल्यानं या शर्करा कमी होतात, आपल्या आज्या उगाच मटकी फडक्यात बांधून ठेवत नव्हत्या, पण पूर्ण जात नाहीत. आणि दुसरी आरोपी मस्तानी. दुधातली साखर, लॅक्टोज, तोडणारा विकर लहानपणी सगळ्यांकडे भरपूर असतो, मोठेपणी जगातल्या बऱ्याच लोकांत तो घटतो. आपल्या देशातही असे पुष्कळ. न तुटलेलं लॅक्टोज पाणी ओढून घेतं, जिवाणूंना मेजवानी मिळते, आणि गुडगुड सुरू. दीड मस्तानी म्हणजे चांगला डोस झाला. तोंडलीभाताची निर्दोष सुटका झाली. मामी तरीही जरा वेळ घुश्शातच होत्या.

झोपताना सई बाथरूममधून ओरडली, “मावशी, लाल!” शुक्रवारी दुपारी एकला खाल्लेलं बीट शनिवारी रात्री साडेनवाला. दोन तासांची थाप तिथेच संपली. निरोगी माणसात हा वेळ एका दिवसापासून तीन दिवसांपर्यंत कितीही असू शकतो.

रविवार

स्वारगेटहून सिंहगड पायथ्याची बस, आतकरवाडीहून चढण. रविवारी सिंहगडावर गर्दीतून वाट काढणं हाच मोठा व्यायाम. मी सईला वर पोचेपर्यंत पाण्याशिवाय काही घेऊ दिलं नाही. स्वस्थ बसलेल्या माणसाचं पाव भाग रक्त पोटातल्या अवयवांकडे असतं आणि जेवल्यावर आणखी वाढतं. चढ चढायला लागलं की पाय ते ओढून घेतात. भरल्या पोटी चढलं तर दोन्ही कामं अर्धवट, आणि मळमळ वर.

पुणे दरवाजा, तानाजी मालुसऱ्यांची समाधी, देवटाक्याचं गार पाणी. मग एका मावशींच्या पालात पिठलं, भाकरी, ठेचा, कांदाभजी, आणि मडक्यातलं दही. सई दह्याला बिचकत होती. पण दही लावताना जिवाणू लॅक्टोजचा काही भाग संपवतात, आणि त्यांचा विकर आपल्या आतड्यातही थोडं काम करून देतो, म्हणून दूध न सोसणाऱ्यांना दही बहुधा सोसतं. तिनं दोन मडकी संपवली. उतरायच्या आधी भाजलेलं कणीस, लिंबू-मीठ लावून.

उतरताना मी तिला म्हटलं, खरा मुक्काम आता सुरू होतोय. लहान आतड्याचा पहिला टप्पा, आद्यांत्र, फक्त २५ सेंटिमीटरचा, इंग्रजी सी अक्षरासारखा वळलेला. पण सगळी महत्त्वाची माणसं तिथेच भेटतात. जठरातून आलेली आंबट पेज आत शिरली की आतड्याच्या भिंतीतून सिक्रेटिन सुटतं, ते रक्तातून स्वादुपिंडाला जाऊन सांगतं, आणि स्वादुपिंड क्षारयुक्त रस सोडून आंबटपणा मारतं. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी हे शोधलं. माणसाला कळलेलं हे पहिलं संप्रेरक. त्याआधी पाव्हलॉव्ह वगैरे मंडळी सगळं श्रेय नसांना देत होती. स्वादुपिंडाच्या रसात पिठूळ, प्रथिनं आणि चरबी तिन्ही तोडायची हत्यारं असतात. पिठल्यावरच्या तेलाचं मात्र एकट्यानं जमत नाही. यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त करतं, पित्ताशय ते आटवून जपून ठेवतं, आणि तेल आलं की पिळून सोडतं. पित्तानं तेलाचे बारीक थेंब होतात, मग विकर त्यांना गाठतो. काम झालं की पित्तातले क्षार लहान आतड्याच्या शेवटी जवळजवळ सगळे परत शोषले जातात आणि यकृताकडे जातात. एका जेवणात तेच क्षार एकापेक्षा जास्त फेऱ्या मारतात. इतकी काटकसर आमच्या मामांकडेही नाही.

भाकरीची साखर आणि पिठल्यातली प्रथिनं तुकडे होऊन रक्तात शिरतात आणि थेट यकृताकडे जातात. चरबी त्या वाटेनं जात नाही. तिची गाठोडी रसवाहिन्यांतून, म्हणजे लिम्फ वाहणाऱ्या वेगळ्या नळ्यांतून, वर चढतात आणि मानेच्या खालच्या शिरेत रक्ताला मिळतात. सईला हे फार आवडलं. “म्हणजे कांदाभजी मानेतून येते?” ढोबळ मानानं, हो.

जठर काढून टाकलेली माणसं थोडं थोडं खाऊन, बी-१२ ची इंजेक्शनं घेऊन वर्षानुवर्षं जगतात. लहान आतडं सगळं गेलं तर नुसतं खाऊन जगता येत नाही, शिरेतून अन्न द्यावं लागतं. कोण मालक आणि कोण नोकर हे यावरून कळावं. पण पाठ्यपुस्तकात चित्र जठराचंच मोठं काढतात, माझा याच्यावर जुना राग आहे.

बसमध्ये दोघी झोपलो.

सोमवार

मामा सकाळी सहाला बॅडमिंटनला जातात. आज आम्हालाही नेलं. हा खेळ इथल्या छावणीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी वाढवला आणि तेव्हा त्याला ‘पूना’च म्हणत, हे मामांनी अपेक्षेप्रमाणे सांगितलंच. मी त्यांना परतफेड केली. लहान आतड्याच्या आतल्या घड्या, त्यांवरचे मिलिमीटरभर उंचीचे बोटांसारखे उंचवटे, म्हणजे उद्वर्ध, आणि त्यांच्या पेशींवरची सूक्ष्म लव, हे सगळं पसरलं तर टेनिसचं मैदान भरेल, असं आम्हाला शिकवलं होतं. २०१४ साली स्वीडनमधल्या दोघा संशोधकांनी नीट मोजून पाहिलं, तर तोंडापासून शेवटापर्यंत सगळी नळी मिळून साधारण ३२ चौरस मीटर भरली. म्हणजे बॅडमिंटनचं अर्धं कोर्ट, तेही पुरतं नाही. मामा नेटपाशी उभे राहून आपल्या अर्ध्या कोर्टाकडे बघत म्हणाले, “एवढं माझ्या पोटात?” आणि हे अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. हुतात्मामध्ये धपाटे ज्या अस्तरानं शोषले, त्यातलं बरंचसं सोलापूरला परत पोचेपर्यंत झडून गेलेलं असणार.

घरी आल्यावर मामांनी दबक्या आवाजात कळवलं, “आज दिसला बुवा रंग.” शुक्रवार दुपारपासून मोजा. तीन दिवसांना थोडाच वेळ कमी. मामी, ज्यांना विषय नको होता, त्यांनी आपला रविवार सकाळचा आकडा न विचारता सांगितला.

मामांचं दुखणं, म्हणजे पोट साफ न होणं, कोर्टवरच कळलं होतं. सकाळचा चहा पोटात गेला की जठर ताणलं जातं आणि मोठ्या आतड्याला हलण्याची खूण मिळते. बहुतेकांना चहानंतर जावंसं वाटतं ते यामुळे. मामा नेमके त्या वेळी रॅकेट घेऊन घराबाहेर असतात. ती हाक रोज दाबली की हळूहळू ऐकू येईनाशी होते, आणि मोठ्या आतड्याचं काम पाणी शोषण्याचं असल्यानं थांबलेला मळ कडक होत जातो. रोज आठ-नऊ लिटर द्रव आतड्यात उतरतो. त्यातलं आपण खाल्ल्याप्यायल्यातून आलेलं दोनेक लिटर, बाकी आपलेच रस. मोठ्या आतड्यापर्यंत एक-दीड लिटर पोचतं आणि शेवटी बाहेर पडतं जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर. “इसबगोल घेऊ का?” मामांनी विचारलं. घ्या, भरपूर पाण्याबरोबर. पण आधी चहा प्या, अर्धा तास घरात थांबा, आणि मग सातला खेळा. सातची बॅच चांगली नाही म्हणे, त्यात सगळे नवशिके.

दुपारी सईचं विद्यापीठात काम होतं. त्याच आवारात नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी भारतीयांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर काम केलंय, आणि त्यांनी जपलेला सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह पुण्यातच आहे. आम्ही आपलं फाटकावरून पाहिलं. अंगातल्या पेशींच्या दसपट जिवाणू असतात हे मी कित्येक वर्षं वर्गात सांगत आले. २०१६ साली नव्यानं हिशोब झाला, तो साधारण ३८ लाख कोटी जिवाणू आणि जवळजवळ तेवढ्याच आपल्या पेशी, असा निघाला. सगळ्या जिवाणूंचं वजन २०० ग्रॅमच्या आसपास. आपण न पचवलेला चोथा ते आंबवतात आणि त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर मोठ्या आतड्याच्या पेशी पोसल्या जातात. म्हणजे शनिवारच्या गुडगुडीतही कोणाचं तरी जेवण झालंच होतं.

हुतात्मा संध्याकाळी सहाला. मामींनी पोळ्या, बटाट्याची भाजी आणि डब्याच्या कोपऱ्यात, काही न बोलता, बीटचे काप दिले होते. दौंड गेल्यावर मामांचा फोन आला. दुपारच्या वांग्यानं करपट ढेकर येताहेत, काय घेऊ? मी काही बोलायच्या आत सईनं फोन घेतला. “आजोबा, जेवून कोणत्या कुशीवर झोपलात?” पलीकडे थोडा वेळ शांतता. मग मामींचा आवाज, “उजव्या! टीव्ही तिकडे आहे ना.”

कुर्डुवाडीला चहा घेतला. सई मध्येच थांबून बोटांवर काही मोजायला लागली. मग म्हणाली, “मावशी, कणसाचे दाणे अजून आले नाहीत.” काल दुपारी एकचे. त्यांची सालं पचत नाहीत, दिसल्याशिवाय राहणार नाहीत. एकूण सिंहगडावरचं कणीस विनातिकीट सोलापूरला निघालं होतं.